पोलो आणि पोळा

आमच्या वाशीम जिल्ह्यात पोलो कुणी खेळत नाही. यात आमच्या अंगबळाचा किंवा हौसेचा काही दोष नाही. अडचण जमिनीची आहे. पोलोचं पुरं मैदान तीनशे यार्ड लांब आणि दोनशे यार्ड रुंद असतं, म्हणजे बारा एकरांहून थोडं जास्तच. आता बारा एकर सलग जमीन असलेला माणूस आमच्याकडे शोधून काढला, तर त्या जमिनीला त्याचे तीन भाऊ, दोन चुलते, एक माहेरवाशीण आणि सोसायटीचं कर्ज चिकटलेलं असतं. शिवाय पावसाळ्यात तिच्यात सोयाबीन आणि तूर उभी असते. तिथे घोडे पळवायचे म्हटलं तर खेळ सुरू होण्याआधी फौजदारी सुरू होईल. घोड्यांचंही तेच. आमच्याकडे घोडा दिसतो तो वरातीत, आणि त्याच्यावर बसलेला इसम खेळण्याच्या मनःस्थितीत नसतो.

पण खेळ आला नाही तरी खेळाचा धंदा आमच्यापर्यंत बरोबर पोचलेला आहे. वाशीमच्या बाजारात कापडाच्या कुठल्याही दुकानात जा. टी-शर्टांच्या चळतीत निम्म्या छात्यांवर एक घोडेस्वार काठी उगारून बसलेला असतो. अस्सल मालावर ती पोलोची काठी असते, नकली मालावर छत्री वाटते. १९६७ साली अमेरिकेत राल्फ लॉरेन नावाच्या माणसानं गळ्यातले टाय विकायला काढले आणि नाव ठेवलं 'पोलो'. टाय बांधून पोलो खेळत नाहीत, हे गिऱ्हाइकाला माहीत असायचं कारण नव्हतं. मधे भोक असलेली पोलोची गोळी इंग्लंडात १९४८ पासून खपते आहे. फोक्सवॅगनची पोलो नावाची मोटार चाकणच्या कारखान्यात २०२२ पर्यंत तयार होत होती. पुढे ती बंद झाली, पण आमच्या ओळखीचे एक डॉक्टर अजून तीच चालवतात आणि तिला 'आपला पोलो' असं पुल्लिंगी म्हणतात. सारांश, जो खेळ जगात मूठभर लोक खेळतात, त्याचं नाव आपण अंगात घालतो, तोंडात धरतो आणि वर तेल भरून पळवतो. व्यापाऱ्याचं कौतुक करावं ते इथं.

इतकं असूनही पोलो आणि व्यापार यांच्या नात्यावर मी विचार करत बसलो नसतो. ती वेळ माझ्या भाच्यानं आणली. हा रिसोडकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. शिकला-सवरला आणि जयपूरला एका खाद्यतेलाच्या कंपनीत लागला. ही कंपनी मोहरी घेते, सोयाबीन घेते, आणि कंपनीचे मालक रविवारी पोलो खेळतात. लागल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात त्यानं आईला फोन केला, "आई, साहेबांनी मला रविवारी पोलोला बोलावलंय."

आमची ताई म्हणाली, "पोळ्याले? माघ महिन्यात कायचा पोळा रे? अन् तिथं बैल कोनाचे?"

"बैल नाही आई, घोडे असतात."

"मंग पूजा घोड्याची करतात का?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग भाचा म्हणाला, "नाही. साहेबांची."

पोरगं हुशार आहे. मोठ्या पगारावर टिकेल की नाही याची मला तेव्हाच शंका आली.

त्यानं पुढे सविस्तर सांगितलं. मध्यंतर झाला की प्रेक्षकांनी मैदानात उतरायचं आणि घोड्यांच्या टापांनी उखडलेली ढेकळं पायानं दाबून बसवायची, अशी पोलोत रीत आहे. भारीतले बूट घातलेली माणसं हातात पेला धरून ढेकळं तुडवत हिंडत होती. कुणी बँकेचे मोठे अधिकारी, कुणी सरकारी सचिव, कुणी जहाजकंपनीचे. तुडवता तुडवता बोलणी चालली होती. भाचा म्हणाला, "मामा, वीस मिनिटांत तिथं जेवढा व्यवहार ठरला, तेवढा आमच्या ऑफिसात सहा महिन्यांत ठरत नाही." मी म्हटलं, बाबा रे, तुझ्या बापानं जन्मभर ढेकळंच तुडवली, त्याच्याशी कुणी व्यवहार बोलायला आला नाही. तर म्हणाला, "त्यांच्या हातात पेला नव्हता."

आणि मग त्यानं खरा प्रश्न विचारला. साहेब म्हणतात, तूही घोड्यावर बसायला शीक, फी कंपनी भरेल, खेळातली ओळख पुढे धंद्यात कामाला येते. "शिकू का मामा? पण फायद्यासाठी खेळलो तर तो खेळ राहतो का?"

तुम्ही म्हणाल, यात विचार करण्यासारखं काय आहे? फुकट घोडा मिळतो आहे, बसावं. पण निवृत्त मास्तराला असा प्रश्न विचारणं म्हणजे उपाशी माणसाला पंगतीचं आवतन देणं. मी आठ दिवस पुस्तकं उपसली.

पहिला शोध असा लागला की हा घोटाळा जुना आहे. पोलोला आपल्याकडे चौगान म्हणत. दिल्लीचा सुलतान कुतुबुद्दीन ऐबक १२१० साली लाहोरला चौगान खेळतानाच घोड्यावरून पडून गेला. अकबर बादशहाला तर या खेळाचं इतकं वेड की अंधार पडला तरी खेळ थांबवायचा नाही. पळसाच्या लाकडाचे चेंडू करून ते पेटवायचे आणि रात्री खेळायचं, असं अबुल फजलनं 'ऐन-इ-अकबरी'त नोंदवून ठेवलं आहे. पळसाचं लाकूड लवकर विझत नाही. हे वाचल्यावर मला आमच्या माळावरच्या पळसांविषयी एकदम आदर वाटू लागला. आम्ही त्यांच्या पानांच्या पत्रावळी लावून जेवत आलो, फार पुढे पाहिलंच नाही. अबुल फजल आणखी एक मार्मिक गोष्ट सांगतो. वरवर पाहणाऱ्याला हा नुसता खेळ वाटतो, पण जाणत्याला त्यात माणसाची पारख होते आणि स्नेह पक्का होतो, असा त्याचा अभिप्राय. म्हणजे मैदानावर माणसं जोखून मग त्यांना कामावर लावायची, ही साहेबाची युक्ती चारशे वर्षांची जुनी निघाली. गंमत पुढेच आहे. त्याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची यादी आहे आणि तीत बासीम, म्हणजे आमचं वाशीम, आहे. कशासाठी? महसुलासाठी. एकाच पुस्तकात एका पानावर बादशहाचा खेळ आणि दुसऱ्या पानावर आमचा शेतसारा. खेळाचा आणि आमचा संबंध तेव्हापासून हा असा आहे!

दुसरा शोध चहाचा. आज जगभर खेळला जातो त्या पोलोचा पहिला क्लब निघाला १८५९ साली, आसामात सिल्चरला. काढणारे कोण? चहाचे मळेवाले गोरे आणि त्यांचे लष्करातले दोस्त. मणिपुरी लोक आपल्या छोट्या तट्टांवर सगोल कांगजेई नावाचा खेळ पिढ्यान् पिढ्या खेळत होते, तो या मंडळींनी पाहिला, उचलला आणि त्याला नियम लावले. 'पोलो' हा शब्दसुद्धा बाल्टी भाषेतला आहे, तिकडे चेंडूला पुलू म्हणतात. थोडक्यात, खेळ मणिपूरचा, शब्द बाल्टिस्तानचा, क्लब चहावाल्यांचा. या खेळाचं आणि धंद्याचं लग्न मागाहून झालेलं नाही. दोघं एकाच पाळण्यात वाढली.

तेव्हा पूर्वी खेळ शुद्ध होता आणि आता व्यापाऱ्यांनी बाटवला, असं म्हणून नाक मुरडायची सोय उरली नाही. मला जरा वाईटच वाटलं. नाक मुरडण्याएवढं सुख मास्तरकीत दुसरं नव्हतं.

मग मी नियम वाचले, आणि इथं मात्र सरळ बसलो.

पोलोत दोन्हीकडे चार-चार खेळाडू. सात-सात मिनिटांचे डाव, त्यांना 'चक्कर' म्हणतात, शब्द आपलाच आहे. दर चक्करला घोडा बदलतात, कारण तो दमतो. माणूस बदलत नाहीत, त्यानं हौसेनं घेतलेलं आहे. पण खरी मजा हँडिकॅपची. प्रत्येक खेळाडूला त्याच्या वकुबाप्रमाणे आकडा दिलेला असतो. उणे दोनपासून दहापर्यंत. दहा म्हणजे देवमाणूस, असे जगात थोडे, आणि त्यातले बहुतेक अर्जेंटिनातले. चौघांच्या आकड्यांची बेरीज हा संघाचा आकडा. आता सहा चक्करच्या सामन्यात एक संघ बाराचा आणि दुसरा आठचा असेल, तर कमजोर संघाला खेळ सुरू होण्याआधीच चार गोल दिलेले असतात. चेंडू हलण्यापूर्वी फळ्यावर चार-शून्य! आणि बलवान संघ यावर कुरकुर करत नाही, याला कुणी खैरात म्हणत नाही, की तिजोरीवर बोजा म्हणत नाही. याला ते सामना म्हणतात.

दुसरा नियम त्याहून बहारीचा. प्रत्येक गोलानंतर दोन्ही संघ बाजू बदलतात. वारा, ऊन, उतार यांचा फायदा एकालाच मिळू नये म्हणून. आणि तिसरा, चेंडूच्या रेषेवर जो चाललेला आहे त्याच्या वाटेत आडवं घुसायचं नाही. घुसलात की फाउल. आमच्याकडे व्यवहारात जो आडवा घुसतो त्याला आम्ही 'चलाख' म्हणतो आणि पुढच्या निवडणुकीला उभा करतो.

या खेळात एक पात्र असतं, त्याला 'पॅट्रन' म्हणतात. आपला भाचा ज्याला साहेब म्हणतो तोच हा. घोडे त्याचे, तबेला त्याचा, अर्जेंटिनाहून आणलेल्या खेळाडूंचा पगार त्याचा, आणि संघात चौथा खेळाडू तो स्वतः. हा प्रकार मला मुळीच परका वाटला नाही. आमच्या लहानपणी गल्लीत ज्याची बॅट असे तो पहिला खेळायला येई आणि तीनदा आउट झाल्यावर एकदा आउट होई. नाहीतर तो बॅट घेऊन घरी जाई. पॅट्रन म्हणजे मोठा झालेला बॅटवाला. फरक एवढाच की पोलोत त्याचा आकडा छापलेला असतो. शेठ कितीही कोट्यधीश असो, तो खेळात शून्याचा असेल तर सगळ्या जगासमोर त्याच्या नावापुढे शून्य लिहितात, आणि त्यानं पगारावर ठेवलेल्या पोराच्या नावापुढे नऊ. ही गोष्ट तुमच्या कचेरीत करून बघा. भिंतीवर फळा, त्यावर नावं: हेडक्लार्क, सात. शिपाई, आठ. साहेब, शून्य. दुसऱ्या दिवशी फळा राहणार नाही, आणि तो कुणी लावला याची चौकशी वर्षभर चालेल.

बॅटवाल्यांत सगळ्यात नामांकित केरी पॅकर. १९७७ साली त्यानं जगातले उत्तमोत्तम क्रिकेटवीर उचलले तेव्हा आपण सगळे त्याच्या नावानं बोटं मोडत होतो. हाच गृहस्थ पुढे पोलोचा मोठा पॅट्रन झाला. १९९० साली सिडनीजवळ पोलो खेळताना त्याचं हृदय बंद पडलं. काही मिनिटं सगळा कारभार आटोपल्यासारखाच होता. पण आलेल्या रुग्णवाहिकेत हृदयाला विजेचा झटका द्यायचं यंत्र नेमकं होतं, आणि माणूस परत आला. तेव्हा फार थोड्या रुग्णवाहिकांत ते असे. बरा झाल्यावर पॅकरनं सरकारला सांगितलं, निम्मा खर्च तुम्ही करा, निम्मा मी करतो, आणि त्या राज्यातल्या रुग्णवाहिकांत ती यंत्रं बसवली. आपल्याला जे योगायोगानं मिळालं ते इतरांना नियमानं मिळावं, असं एका व्यापाऱ्याला वाटलं. न्यायाची याहून सोपी व्याख्या मला पुस्तकांत सापडलेली नाही. फक्त ती समजायला दर वेळी मरून यावं लागू नये, एवढीच प्रार्थना.

एवढी सामग्री घेऊन मी बाजार समितीत आमच्या एका अडत्या मित्राकडे गेलो. हर्रास नुकतीच संपली होती. सोयाबीनची पोती, मापाडी, हमाल, काटा, ओलावा मोजायचं यंत्र असा सगळा थाट. मी त्याला हँडिकॅप समजावून सांगितलं आणि म्हटलं, "शेठ, हे तुमच्या इथं का नाही? एकीकडे तुम्ही. तुमच्याजवळ गोदाम, पैसा, फोनवर इंदूरचा भाव, आणि थांबायची ताकद. दुसरीकडे हा. ह्याच्याजवळ भाड्यानं आणलेली गाडी, पोरीची फी भरायची तारीख, आणि आभाळात ढग. तुम्ही आठचे, हा उणे दोनचा. सामना सुरू व्हायच्या आधी ह्याला काही गोल नकोत?"

"आहे ना," तो म्हणाला. "हमीभाव काय हाये मंग?"

मुद्दा बिनतोड होता. २०२४-२५ च्या हंगामाला सरकारनं सोयाबीनला क्विंटलमागे ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर केला होता, २०२५-२६ ला ५,३२८. हे सरकारनं फळ्यावर लावलेले गोलच. पण दोन्ही हंगामांत बाजारातला भाव त्याच्या खालीच घुटमळत राहिला. सरकारी खरेदीकेंद्रावर जावं तर तिथं ओलावा बारा टक्क्यांच्या आत हवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती मर्यादा पंधरा टक्क्यांपर्यंत सैल केली, तोवर कित्येकांनी माल विकून टाकला होता. गोल फळ्यावर लावलेले, पण पंच ते धरायला तयार नाही. अशा सामन्याला काय म्हणायचं?

"गुरुजी," अडत्या म्हणाला, "खेळ येगळा अन् धंदा येगळा. खेळात समोरचा टिकला तर मजा येते, म्हणून त्याले गोल देतात. आमी मजेसाठी थोडीच बसलो इथं?"

मी म्हटलं, "बरं. समोरचा नाहीच टिकला तर? त्यानं शेती सोडली, पोरगं पुण्याला वॉचमन झालं, जमीन प्लॉटवाल्याला गेली. मग तुम्ही गोल कुणावर मारणार?"

तो काही बोलला नाही. चहा मागवला. अडत्यानं स्वतःहून चहा मागवणं ही आमच्याकडे जवळजवळ कबुली समजतात.

भाच्याला मी कळवलं: घोड्यावर बसायला जरूर शीक. फायद्यासाठी खेळल्यानं खेळ बाटत नाही, सिल्चरचे चहावाले काय मोक्षासाठी खेळत होते? खेळ बाटतो तो त्याचे नियम मैदानाच्या कडेला बुटांबरोबर काढून ठेवल्यानं. तेव्हा शिकायचंच तर हँडिकॅपही शीक.

पोरानं माझं ऐकलं आणि माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त ऐकलं. ही नोकरीवर बेतणारी गोष्ट होती. एका रविवारी ढेकळं तुडवताना त्यानं मालकांना विचारलं, "सर, आपण इथं समोरच्याला तीन-तीन गोल आधी देता. मग सोमवारच्या मीटिंगमध्ये हमीभावाचं नाव निघालं की तुम्ही चिडता कशाला?" त्याचे शेजारी उभे असलेले सहकारी तत्काळ लांबची ढेकळं दाबायला गेले.

मालक रागावले नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, "कारण इथं हरलो तर माझं काही जात नाही."

मी त्या उत्तरावर बरेच दिवस घुटमळत आहे. इतकं प्रामाणिक उत्तर मी मोठमोठ्या नीतिशास्त्राच्या पुस्तकांत वाचलेलं नाही. जिथं आपलं काही जात नाही तिथं आपण सगळेच न्यायी असतो. पत्त्यांच्या डावात मी कधी लबाडी केली नाही, पण भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस केल्याशिवाय पिशवी उघडलेली नाही. आणि त्या दोन रुपयांत माझं काही जात नव्हतं, तिचं जात होतं. म्हणजे मालकांचं उत्तर प्रामाणिक होतं, पण अपुरं. न्याय करताना आपलं काय जातं एवढंच आपण मोजतो. समोरच्याचं काय जातं याचा काटा आपल्याजवळ नसतो.

आमची ताई पोलोला पोळा समजली, ती तेवढी चुकली असं मला आता वाटत नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे तूप-हळदीनं मळतात आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देतात. दुसऱ्या दिवशी अंगावर झूल, शिंगांना रंग, पुरणपोळीचा नैवेद्य, आणि मालक बैलापुढे हात जोडून उभा. तो एक दिवस दोघं बाजू बदलतात. तोरणाखाली झडत्या म्हणणारा सरकारपासून सावकारापर्यंत कुणाला सोडत नाही, आणि सगळे हसतात. नंतर पुन्हा खांद्यावर जू येतं ते वर्षभर. बैलानं तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. पण म्हणून हिशेब मिटला असं समजू नये. जयपूरचा रविवार काय नि आमची श्रावणातली अमावास्या काय, न्यायाला आपण एक दिवस नेमून दिला आहे, पितरांना देतो तसा.

भाच्याची नोकरी अजून शाबूत आहे. घोड्यावरून तो दोनदा पडला, त्याचा आकडा उणे दोन आहे, आणि साहेबांचा शून्य. मात्र यंदा सोयाबीन खरेदीच्या मीटिंगला त्याला बोलावलं होतं. तिथं काय झालं ते तो सांगत नाही. हमीभाव मिळाला नाही हे ताईच्या पट्टीवरून मला ठाऊक आहे. ओलाव्याची कपात थोडी कमी झाली म्हणतात. हा अर्धा गोल धरायला हरकत नाही. पोलोत अर्धा गोलही धरतात.

परवा तो अडत्या रस्त्यात भेटला. म्हणाला, "गुरुजी, मले किती हँडिकॅप द्याल?" मी म्हटलं, एक हर्रास तुम्ही पोत्यांच्या बाजूला उभे राहा आणि त्याला गादीवर बसवा, मग आकडा सांगतो.

विचार करून कळवतो म्हणाला. अजून कळवलेलं नाही.